पास! एका पावलाची गोष्ट

मित्रांनो, खालची चार वाक्यं जरा वाचा बरं.

ताई दहावी पास झाली.
दादाचा एसटीचा पास उद्या संपतो.
शेजारच्या काकांच्या रिक्षाचं पासिंग राहिलंय.
आजीने पासबुक भरून आणलं.

चारही वाक्यांत 'पास' आहे, हे तुम्ही लगेच ओळखलंत. आणि गंमत म्हणजे त्याचा अर्थ लावताना आपण कधी चुकत नाही. 'दादाचा पास संपला' असं ऐकून कोणी रडत नाही आणि 'ताई पास झाली' असं ऐकून कोणी 'किती दिवसांसाठी?' असं विचारत नाही. सगळे सरळ पेढे मागतात!

पण हाच शब्द इंग्रजीच्या पुस्तकात भेटला की आपली गाडी अडते. धड्यात वाक्य येतं, 'द आर्मी क्रॉस्ड द पास.' आपण विचारात पडतो. सैन्याने पास ओलांडला? म्हणजे सैनिकांनी परीक्षा दिली की काय? की एसटीचा पास रस्त्यात पडला होता आणि सैन्य त्याच्यावरून गेलं? मग वैतागून आपण म्हणतो, 'जाऊ दे, इंग्रजी आपल्याला जमणारच नाही!'

थांबा. एवढ्यात पुस्तक मिटू नका. हा 'पास' दिसतो तितका खोडकर नाही. त्याचं एक गुपित आहे. ते कळलं की त्याचे सगळे अर्थ एका माळेत ओवता येतात.

गुपित काय?

इंग्रजीतला 'पास' हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो आला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'पासुस' म्हणजे पाऊल. बस, एवढंच गुपित! पाऊल टाकणं, चालणं, चालत चालत पुढे जाणं, एखादी जागा मागे टाकून पलीकडे पोचणं. 'पास'चे झाडून सगळे अर्थ या एका पावलातून निघाले आहेत.

तुमच्या दप्तरातच याचा पुरावा आहे. कंपास पेटी काढा. 'कंपास' या शब्दातही तोच पास लपलेला आहे. पावलांनी अंतर मोजणं, यावरून तो शब्द तयार झाला. आता पेटीतला दोन टोकांचा कर्कटक वहीवर एक टोक, मग दुसरं टोक, असं करत चालवून बघा. अगदी दोन पायांवर चालणारा माणूसच वाटतो की नाही?

आता या पावलाच्या मागोमाग आपण रत्नागिरी जिल्ह्यात एक फेरफटका मारू. कारण 'पास'चे जितके अर्थ आहेत, ते सगळे तिथे एका दिवसात भेटतात.

घाट चढणारा पास

रत्नागिरीहून कोल्हापूरला जायचं तर साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढावा लागतो. चिपळूणहून कऱ्हाडला जायला कुंभार्ली घाट आणि राजापूरहून वर जायला अणुस्कुरा घाट. सह्याद्रीची भिंत आडवी उभी आहे. तिच्यातून माणसाचं पाऊल जिथून पलीकडे जाऊ शकतं, ती जागा म्हणजे इंग्रजीतला 'पास'. आपण त्याला घाट म्हणतो किंवा खिंड म्हणतो. आता कळलं ना, त्या सैन्याने काय ओलांडलं ते? खिंड!

आणि खिंड म्हटलं की आपल्याला पावनखिंड आठवणारच. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघालेल्या शिवाजी महाराजांच्या पाठीवर शत्रू होता. तेव्हा बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे मावळे घोडखिंडीत पाय रोवून उभे राहिले. इंग्रजी पुस्तकात या जागेला 'पास' म्हणतात. म्हणजे ज्या वाटेने 'पास' होता येतं, तीच त्यांनी शत्रूला बंद केली! तेव्हापासून एकट्याने संकट थोपवून धरणं याला मराठीत 'खिंड लढवणं' असंच म्हणतात.

इथे आणखी एक मजा बघा. इंग्रजांचा 'पास' आपल्याकडे आला, तसा आपला 'घाट' त्यांच्याकडे गेला. आपल्या लेखी घाट म्हणजे डोंगरातली वाट. इंग्रजांनी मात्र अख्ख्या डोंगररांगेलाच ते नाव देऊन टाकलं. म्हणून भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीला 'पश्चिम घाट' असंही नाव दिसतं. शब्दही असे माणसांसारखे डोंगर ओलांडून ये-जा करतात.

वाट मोकळी करणारा पास

वाट आली की वाटेवर पहारेकरी आलाच! 'कोण आहेस? कुठे निघालास? जायला परवानगी आहे का?' ती परवानगी ज्या कागदावर लिहिलेली असते, तो कागद म्हणजे पास. 'याला पुढे पाऊल टाकू द्या' असं सांगणारा कागद. एसटीचा पास, नाटकाचा पास, कारखान्याचा गेटपास, विमानाचा बोर्डिंग पास, सगळे याच घरातले. बारावीपर्यंत शिकणाऱ्या खेडोपाडीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट मिळतो. तो कागदाचा तुकडा नसता तर कितीजणींची शाळेची वाट बंद झाली असती, याचा विचार करा.

'पासपोर्ट' हाही फ्रेंच पाहुणा. पोर्ट म्हणजे बंदर. बंदरातून आत-बाहेर जाऊ देणारा तो पासपोर्ट. कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखाती देशांत कामाला आहेत, त्यामुळे हा शब्द तिथे आजीलाही पाठ असतो.

पण आजच्या पासपोर्टच्या कितीतरी आधी कोकणच्या समुद्रात पास चालत होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी दंडेली सुरू केली, की या समुद्रातून जाणाऱ्या गलबताकडे आमचा परवाना हवा. त्याचं नाव कार्ताझ. तो नसेल तर गलबत जप्त! पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कान्होजी आंग्र्यांचं आरमार जोरात आलं. हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग त्यांच्या हातात होता. मग कान्होजींनीही आपली 'दस्तकं' द्यायला सुरुवात केली. म्हणजे समुद्र तोच, फक्त पास देणारा हात बदलला. ज्याच्या हातात पास, त्याची सत्ता!

पास नसणं म्हणजे काय, हेही रत्नागिरीने पाहिलं आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी पदच्युत केलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. त्याच्यासाठी १९१० मध्ये मोठा राजवाडा बांधला, पण आपल्या देशात परत जायची परवानगी काही दिली नाही. १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. सावरकरांनाही १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षं रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करून ठेवलं होतं. जिल्ह्याच्या बाहेर पाऊल टाकायचं तर सरकारची परवानगी लागे. तेव्हा दादाच्या खिशातल्या त्या चुरगळलेल्या पासला कमी समजू नका!

कागदाऐवजी शब्द सांगूनही आत जाता येतं. पहारेकऱ्याच्या कानात ठरलेला शब्द सांगायचा की दार उघडतं. तो 'पासवर्ड'. आपल्याकडे त्याला परवलीचा शब्द म्हणतात. पूर्वी तो किल्ल्याच्या दाराशी लागायचा, आता बाबांच्या मोबाईलला लागतो, एवढाच फरक. आणि बँक आणि आपण यांच्यात सतत ये-जा करणारं पुस्तक म्हणजे पासबुक.

तपासून सोडलेला पास

रिक्षाच्या पासिंगचं कोडं आता सुटेल. आरटीओचा अधिकारी रिक्षाचे ब्रेक, दिवे, टायर तपासतो. सगळं ठीक असेल तर म्हणतो, 'हं, जा पुढे!' रिक्षाचं पासिंग झालं. एमएच ०८ अशी पाटी दिसली की लोक म्हणतात, 'ही रत्नागिरी पासिंगची गाडी.' विधानसभेत विधेयक पास होतं तेही असंच. चर्चा होते, मतं मोजली जातात आणि मग ते पुढे सरकतं. मराठीत आपण त्याला 'मंजूर झालं' असं म्हणतो.

परीक्षाही तशीच. तुमचा पेपर तपासला आणि पुढच्या इयत्तेत जायची वाट मोकळी झाली. म्हणजे परीक्षेतला पास आणि एसटीचा पास हे अगदी सख्खे भाऊ निघाले! दोघंही एकच गोष्ट सांगतात, 'जा, पुढे जा.'

हातातून हातात जाणारा पास

जेवायला बसल्यावर 'पास द सॉल्ट' म्हटलं की मीठ पुढे सरकवायचं. फुटबॉल किंवा हॉकीत चेंडू आपल्याच गड्याकडे दिला की तोही पास. वाढदिवसाला 'पासिंग द पार्सल' खेळता, त्यात तर पार्सलच पावलं टाकत गोल फिरतं. प्रश्नमंजूषेत उत्तर येत नसेल तर आपण 'पास' म्हणतो. म्हणजे 'मी थांबतो, प्रश्नाला पुढे जाऊ दे.' बघा हं, परीक्षेत पास म्हणजे उत्तर आलं आणि प्रश्नमंजूषेत पास म्हणजे उत्तर आलं नाही! शब्द एकच. फक्त पाऊल कोणी टाकलं, आपण की प्रश्नाने, ते बघायचं.

रत्नागिरी स्टेशनावर उभे राहिलात तर आणखी एक पास दिसेल. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ पासून सुरू झाला. त्याचा बराचसा भाग अजूनही एकेरी रुळांचा आहे. त्यामुळे एक गाडी स्टेशनात बाजूला उभी राहते आणि दुसरी धडधडत निघून जाते. तीही 'पास' होते. आणि गाडीत बसलेला तो पॅसेंजर. मूळ फ्रेंच शब्द 'पासाजे' असा होता. इंग्रजांच्या तोंडी त्यात एक 'न' फुकटचा घुसला!

वेळेलाही पावलं असतात. साडेदहाला इंग्रजीत 'हाफ पास्ट टेन' म्हणतात. हा 'पास्ट'सुद्धा 'पास'चंच जुनं रूप. दहा वाजून गेले, त्यावर अर्धा तास गेला. भूतकाळाला 'पास्ट टेन्स' म्हणतात, कारण तो काळ आपल्याला ओलांडून गेला. बोलताना 'पास्ड' आणि 'पास्ट' सारखेच ऐकू येतात, म्हणून लिहिताना गोंधळ होतो. ध्यानात ठेवा. वाक्यात कोणी काही 'केलं' असेल, म्हणजे ते क्रियापद असेल, तर शेवटी ई-डी. नाहीतर शेवटी नुसता टी.

एक खड्डा मात्र सांभाळा. आपल्याकडे 'मी २०१९ ला पास आउट झालो' म्हणजे कॉलेज संपवलं. पण इंग्लंड-अमेरिकेत हे वाक्य म्हटलंत तर समोरचा घाबरून पाणी आणायला धावेल. तिकडे 'पास आउट' म्हणजे चक्कर येऊन पडणं! आणि 'पास अवे' म्हणजे हे जग सोडून जाणं. मागे लागलेल्या एवढ्याशा शेपटाने केवढा फरक पडतो, पाहिलंत?

आपली मराठी काय कमी आहे?

'इंग्रजीच वेडी!' असं म्हणू नका हं. आपला 'लागणे' घ्या. भूक लागते. दिवा लागतो. ठेच लागते. मावशीला नोकरी लागते. झाडाला आंबे लागतात. जूनमध्ये पाऊस लागतो आणि त्याच सुमारास निकाल लागतो! बस फलाटाला लागली की आपण धावत जाऊन जागा पकडतो आणि आंबा घाटात तीच बस पोटाला 'लागली' की खिडकी पकडतो. मराठी शिकणाऱ्या इंग्रज मुलाची काय अवस्था होत असेल, कल्पना करा. त्यालाही वाटत असेल, 'हे आपल्याला जमणारच नाही!'

शिवाय आपलाही एक स्वतःचा 'पास' आहे. 'आसपास', 'सकाळपासून', 'आजीपाशी' यांतला. तो संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू या शब्दावरून आला. इंग्रजी पासशी त्याचं काही नातं नाही, नुसता नावसारखेपणा. म्हणून तर 'माझा पास आजीपाशी आहे' हे वाक्य ऐकून आपल्याला गुदगुल्या होतात.

मग शब्दकोशात एका शब्दाचे वीस अर्थ दिसले तर काय करायचं? पहिला अर्थ उचलून पळायचं नाही आणि वीसच्या वीस पाठही करायचे नाहीत. आधी वाक्यातले शेजारी बघायचे. जवळ डोंगर असेल तर खिंड, जवळ चेंडू असेल तर गडी, जवळ बस असेल तर कागद. मग शब्द कामकरी आहे की नाव आहे ते बघायचं. आणि शेवटी आलेला अर्थ वाक्यात घालून वाक्य पुन्हा वाचायचं. सैन्य परीक्षेला बसलेलं दिसलं की समजायचं, अर्थ चुकला!

आता जरा आईबाबांसाठीही

दहावी-बारावीच्या कोकण विभागीय मंडळाचं कार्यालय रत्नागिरीत आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे त्यात येतात. राज्याच्या नऊ विभागांत पास होणाऱ्यांच्या टक्केवारीत कोकण कित्येक वर्षं पहिलं येतं. दहावीला २०२४ मध्ये ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के. कौतुक करावं तेवढं थोडंच!

पण शंभरात नव्याण्णव पास होतात, तिथे उरलेल्या एकाचं काय होत असेल? जिथे निम्मे नापास होतात, तिथे सोबत तरी असते. इथे सगळी वाडी पेढे वाटत असते आणि एक मुलगा किंवा मुलगी दार लोटून आत बसलेली असते.

त्यांच्यासाठी आपण एक शब्द बनवला आहे, 'नापास'. हा शब्द इंग्रजीत शोधून सापडणार नाही. नाराज, नापसंत यांतला फारसी 'ना' आणि इंग्रजी 'पास' यांचं लग्न आपणच लावून दिलं. आणि तो आपण पेपरला नाही, माणसाला चिकटवतो. 'तो नापास आहे.' जणू डोळ्यांचा रंगच! खरं म्हणजे गणिताच्या एका पेपरात शंभरात पस्तीस मिळायला हवे होते आणि ते एका दिवशी मिळाले नाहीत, एवढंच घडलेलं असतं.

मराठीत पासला चांगला शब्द आहे, उत्तीर्ण. तोही प्रवासाचाच आहे. संस्कृतात 'तॄ' म्हणजे तरून जाणं, पाणी ओलांडणं. तरणे, तीर्थ, अवतार हे सगळे त्याच्याच कुळातले आणि खाडी ओलांडणारी कोकणातली तरसुद्धा. उत्तीर्ण म्हणजे पैलतीराला पोचलेला. आता, एखाद्याची तर चुकली तर आपण त्याला 'न पोचणारा माणूस' म्हणतो का? नाही. 'पुढची तर येईपर्यंत धक्क्यावर थांब, चहा घे,' असं म्हणतो. पुढची तर येतेच. निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा असते.

पास म्हणजे पाऊल. एखादं पाऊल घसरलं म्हणून घाट संपत नाही आणि वाटही कुठे जात नाही. तेव्हा निकालाच्या दिवशी घरात कोणाचं पाऊल घसरलंच, तर पहिला प्रश्न 'किती पडले?' हा नको. 'जेवलास का?' हा असू दे. आणि मुलांनो, तुमच्या वर्गातलं कोणी दार लोटून बसलं असेल तर पेढ्याचा पुडा घेऊन आधी तिकडे जा. चेंडू पास करतो तसा हातही पुढे करता येतो.

करून पाहा

खालच्या वाक्यांतला 'पास' काढून टाका आणि चांगला मराठी शब्द घाला. आईबाबांचीही मदत घ्या. उत्तरं शेवटी दिली आहेत, पण आधी बघायची नाहीत हं!

१. ठेकेदाराचं बिल पास झालं.
२. त्याने बॉल माझ्याकडे पास केला.
३. सुट्टीत टाइम पास होत नाही.
४. हिमालयातले पास हिवाळ्यात बर्फाने बंद होतात.
५. नाटकाचे दोन पास मिळाले.

उत्तरं : १. मंजूर. २. दिला किंवा ढकलला. ३. वेळ जात नाही. ४. खिंडी. ५. प्रवेशपत्रिका.

पाचही बरोबर आली? शाब्बास! दोनच आली? हरकत नाही. उद्या पुन्हा एक पाऊल.